जुन्या जावा-येझदीला नवे सायलेन्सर बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून 1996 पर्यंत बनलेल्या 250 सीसी टू-स्ट्रोक मोटारसायकलींसाठी हे पान आहे. जुनी जावा, येझदी क्लासिक, रोडकिंग या सगळ्या त्यात आल्या. येझदी 350 ट्विनसाठी प्रश्न 20 पाहा. प्रश्न लोक ज्या शब्दांत विचारतात, जवळजवळ त्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

1. सायलेन्सर बदलायलाच हवेत, की साफ करून चालेल?

आधी साफ करून पाहा. सायलेन्सर दोन कारणांनी जातो. एकतर काजळीनं तुंबतो, नाहीतर गंजून फुटतो. तुंबलेला परत कामाला येतो, गंजून फुटलेला येत नाही.

तुंबल्याची खूण गाडी चालवताना कळते. स्लोवर गाडी ठीक असते, पण चौथ्या गिअरला दम सोडते, चढावर नेहमीपेक्षा जास्त तापते आणि मागचा धूर जोर नसल्यासारखा लोंबत बाहेर येतो. गंज तपासायचा तर सायलेन्सरची खालची बाजू आणि मागचं टोक बघा. पाणी तिथेच साचतं. लाकडी दांड्यानं हलकं ठोका. पत्रा शाबूत असेल तर टणक आवाज येतो. बद्द आवाज आला तर आत काजळी भरली आहे किंवा पत्रा पातळ झाला आहे. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबल्यावर पत्रा आत गेला, तर तो सायलेन्सर संपला. हलवल्यावर आत खुळखुळ वाजलं, तर जाळी (सायलेन्सरच्या आतली भोकं पाडलेली नळी) सुटली आहे, पण बाहेरचा पत्रा चांगला असेल तर नुसती जाळी बदलता येते.

मूळ मैसूरचा सायलेन्सर शाबूत असेल तर तो फेकू नका. आज मिळणाऱ्या बहुतेक प्रतिकृतींपेक्षा तो चांगला आहे, असं माझं ठाम मत आहे. साफ करण्याची पद्धत प्रश्न 15 मध्ये आहे.

2. सायलेन्सर म्हणजे आवाज कमी करायची नळी. त्याचा इंजिनाशी एवढा काय संबंध?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हे आहे. बाकीची बहुतेक उत्तरं यातूनच निघतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

बुलेटसारख्या फोर-स्ट्रोक इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असतो. तो बंद झाला की सिलिंडरचा बाहेरच्या नळीशी संबंध तुटतो. आपल्या गाडीत व्हॉल्व्हच नाही. पिस्टन खाली जाताना एक्झॉस्टचं तोंड उघडतो आणि वर येताना झाकतो. मधल्या वेळात जळालेला धूर बाहेर जात असतो आणि त्याच वेळी खालून पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण आत येत असतं. दोन्ही कामं एकदम चालू असल्यामुळे ताज्या मिश्रणाचा काही भाग धुराच्या मागोमाग बाहेर निसटतो.

तो निसटू नये म्हणून व्हॉल्व्हच्या जागी सायलेन्सर काम करतो. धुराचा दणका नळीतून पुढे जातो, सायलेन्सर रुंद होतो तिथे, निमुळता होतो तिथे आणि जाळीवर आपटून त्याच्या लाटा उलट फिरतात. रुंद होणाऱ्या भागातून परत येणारी लाट सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेते. निमुळत्या भागावरून आणि जाळीवरून परत येणारी लाट बाहेर निघालेलं ताजं मिश्रण आत ढकलते. ती योग्य वेळी पोहोचली तर गाडी ओढते, चुकीच्या वेळी पोहोचली तर तेच मिश्रण वाया जातं.

वेळ किती थोडा असतो ते पाहा. इंजिन मिनिटाला 4,800 फेरे फिरतं तेव्हा सेकंदाला 80 फेरे होतात, म्हणजे एका फेऱ्याला साडेबारा मिलिसेकंद. त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त वेळ, साधारण 4 ते 5 मिलिसेकंद, एक्झॉस्टचं तोंड उघडं असतं. गरम धुरात दाबाची लाट सेकंदाला सुमारे 500 मीटर पळते. म्हणजे एवढ्या वेळात ती दोन-अडीच मीटर जाते, सिलिंडरपासून सायलेन्सरच्या टोकापर्यंत जाऊन परत येण्याइतकी. ही लांबी योगायोगानं जुळलेली नाही. बेंड पाइपची, म्हणजे सिलिंडरपासून सायलेन्सरपर्यंतच्या वळणदार नळीची लांबी, सायलेन्सरचं पोट, जाळीची भोकं हे सगळं इंजिनाच्या मापाशी जुळवून ठरवलेलं आहे.

म्हणून टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग समजा. पिस्टन घेताना जेवढं माप बघता तेवढंच इथेही बघा. नुसत्या चकाकीवर किंवा आवाजावर निवड करू नका.

3. सिलिंडर एक, मग सायलेन्सर दोन कशाला? एकच खराब असेल तर एकच बदलू का?

या इंजिनात सिलिंडरला दोन एक्झॉस्ट तोंडं आहेत, डावं आणि उजवं, आणि प्रत्येकाला स्वतःचा बेंड आणि सायलेन्सर. जवळच्याच दुसऱ्या तोंडातून रस्ता मोकळा असेल तर धूर तिकडूनच जास्त जातो. एका बाजूला जुना, काजळीनं अर्धा भरलेला सायलेन्सर आणि दुसऱ्या बाजूला नवा, असं केलं तर नव्यावर जास्त भार येतो आणि सिलिंडर एका बाजूला जास्त तापतो.

नियम असा ठेवा: जोडीनं बदला, एकाच कारागिराचे, एकाच लॉटचे. अगदी एकच बदलायची वेळ आली, तर जुन्याची जाळी पूर्ण साफ करा आणि दोन्ही जाळ्या शेजारी ठेवून भोकं आणि मधल्या नळीचा व्यास जुळतो का ते मोजा.

4. जावा, क्लासिक आणि रोडकिंग, सगळ्यांना एकच सायलेन्सर बसतो का?

बसवला तर बराच वेळा बसतो, पण बसणं आणि जुळणं वेगळं. मॉडेलनुसार सायलेन्सरचा आकार, बेंडचं वळण आणि सायलेन्सर गाडीला धरून ठेवणाऱ्या मागच्या पट्टीची जागा बदलते. शिवाय तुमच्या गाडीवर आज जो बेंड आहे तो मूळचा असेलच असं नाही. चाळीस-पन्नास वर्षांत मालक बदलतात आणि दुसऱ्या मॉडेलचे भाग चढत जातात.

म्हणून दुकानात मॉडेलचं नाव सांगून भागत नाही, मापं घेऊन जा. व्हर्निअरनं बेंडच्या मागच्या टोकाचा बाहेरचा व्यास, सायलेन्सरच्या तोंडाचा आतला व्यास, तोंडापासून पट्टीच्या भोकापर्यंतचं अंतर आणि सायलेन्सरची पूर्ण लांबी मोजा. बेंड तोंडात हातानं फिरवत जायला हवा, पण लोंबकळता कामा नये. अर्धा मिलिमीटर ढिला असेल तर क्लॅम्प आवळून चालतं. त्याहून जास्त असेल तर मधे पत्र्याची पुंगळी घालण्यापेक्षा दुसरा सायलेन्सर शोधा. पुंगळी घातलेला जोड काही महिन्यांत तेल गाळू लागतो.

5. शोरूममध्ये आता मिळणाऱ्या नव्या जावाचे सायलेन्सर जुन्या गाडीला लावता येतील का?

नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये आलेल्या जावाला दोन सायलेन्सर आहेत आणि ते लांबून जुन्यासारखे दिसतात, पण इंजिन पाण्यानं थंड होणारं 293 सीसी फोर-स्ट्रोक आहे. त्याच्या एक्झॉस्टची आतली रचना आणि धूर शुद्ध करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर टू-स्ट्रोकसाठी नाही. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलचा धूर त्यात गेला की ते चोंदणारच. 2022 मध्ये आलेल्या नव्या येझदीच्या बाबतीतही हेच उत्तर.

6. प्रतिकृती चांगली की वाईट, हे विकत घेण्याआधी कसं ओळखायचं?

क्रोमकडे सगळ्यात शेवटी बघा.

पहिली गोष्ट वजन. मूळ सायलेन्सर आणि नवा एका तराजूवर ठेवा. नवा लक्षणीय हलका असेल तर पत्रा पातळ आहे किंवा आतलं काहीतरी वगळलं आहे. पातळ पत्र्याचा सायलेन्सर पत्र्याचा डबा वाजल्यासारखा आवाज करतो आणि पट्टीच्या वेल्डिंगशी तडकतो.

दुसरी गोष्ट जाळी. ती मागच्या टोकाचा नट किंवा बोल्ट काढून बाहेर निघायला हवी. बरेच कारागीर खर्च वाचवण्यासाठी ती आत वेल्ड करून टाकतात. टू-स्ट्रोकला असा सायलेन्सर घेऊ नका, कारण दोन-तीन वर्षांत तो तुंबेल आणि कापल्याशिवाय साफ होणार नाही. जाळी बाहेर काढून मूळ जाळीशेजारी ठेवा. भोकांची संख्या, भोकांचा व्यास, मधल्या नळीची लांबी बघा. मूळ जाळी नसेल तर ओळखीतल्या एखाद्या चांगल्या चालणाऱ्या गाडीची जाळी काढून फोटो आणि मापं घ्या. जावा-येझदीवाले यात आनंदानं मदत करतात. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिवसाला पुण्यात किंवा तुमच्या जवळच्या शहरात जमतात तेव्हा एका फेरीत दहा गाड्या बघता येतील.

तिसरी गोष्ट आतली वेल्डिंग. तोंडातून टॉर्च मारा. वेल्डिंगचे गोळे आत लोंबत असतील तर तिथे काजळी आधी धरते.

मग क्रोम. चांगल्या कामात आधी निकेलचा थर असतो आणि वर क्रोमचा अगदी पातळ थर. गंज अडवण्याचं खरं काम निकेल करतं, क्रोम फक्त चकाकी आणि कडकपणा देतो. निकेल कमी असेल तर क्रोम कितीही चकाकला तरी एका पावसाळ्यात ठिपके येतात. दुकानदाराला सरळ विचारा की निकेल किती केलं आहे. ज्याला माहीत असतं तो सांगतो.

7. कुठे मिळतील?

पुण्यात नाना पेठेतल्या आणि मुंबईत ऑपेरा हाउसकडच्या सुट्या भागांच्या दुकानांत प्रतिकृती मिळतात. मूळ वापरलेले सायलेन्सर पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात कधी कधी सापडतात. बनवून घ्यायचे असतील तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्रा आणि लेथचं काम चांगलं करणारे आहेत. बनवून घेताना मूळ नमुना द्याच, फोटोवरून माप निघत नाही.

8. बसवायला कोणती हत्यारं लागतात? घरी जमेल का?

जमेल. बेंडच्या नटाच्या खाचांत बसणारा हुक पाना, क्लॅम्प आणि पट्टीसाठी रिंग पाने, गंज सोडवणारं तेल, तारेचा ब्रश, नवं पॅकिंग आणि आट्यांना लावायला कॉपर ग्रीस. हुक पाना नसेल तर कामाला हात लावू नका. या कामात जी नासधूस होते, ती बहुतेक चुकीच्या हत्यारानं नट फिरवताना होते.

9. बेंडचा नट काही केल्या सुटत नाही. मिस्त्री म्हणतो छिन्नीनं ठोकून काढतो.

त्याला थांबवा. छिन्नीनं नटाच्या खाचा तुटतात, हे नुकसान लहान. मोठं नुकसान सिलिंडरच्या आट्यांचं. सिलिंडर बिडाचा आहे आणि बिडाला ठोका सोसत नाही. नट दोनशे-तीनशे रुपयांचा, सिलिंडर मिळवणं महिन्यांचं काम.

असं करा. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल सोडा, सकाळी पुन्हा सोडा. मग इंजिन पाच मिनिटं चालवून गरम करा आणि बंद करून लगेच हुक पाना लावा. हातमोजे घालून, कारण बेंड भाजतो. पाना आधी थोडा आवळायच्या दिशेला दाबा, मग सोडायच्या. एवढ्यानं सुटला नाही तर गॅसच्या बारीक ज्योतीनं फक्त नट चहूबाजूंनी तापवा आणि पुन्हा प्रयत्न करा. हे करताना पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवा. तरीही हलला नाही तर हॅकसॉ ब्लेडनं नट कापा, पण आट्यांना ब्लेड लागण्याआधी थांबा आणि उरलेला भाग पानानं फाकवा. नट गेला तरी चालेल, आटे वाचले पाहिजेत.

10. बसवायचा योग्य क्रम काय? कुठला नट आधी आवळायचा?

सगळं आधी ढिलं बसवायचं, मग पुढून मागे आवळत यायचं. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या तक्रारी होणार नाहीत.

गाडी डबल स्टँडवर घ्या. एक्झॉस्टच्या तोंडातली काजळी खरवडून काढा. त्यासाठी पिस्टन असा ठेवा की तोंड झाकलेलं राहील, म्हणजे कचरा आत पडणार नाही. खरवडायला लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, पोलादी नको, पिस्टनवर ओरखडा येतो. आटे ब्रशनं साफ करून कॉपर ग्रीसचा हलका हात द्या.

नवं पॅकिंग ठेवा, बेंड लावा आणि नट हातानं फिरवा. पहिले तीन-चार आटे हातानं सहज गेले पाहिजेत. अडकलं तर आटा चुकलाय, मागे फिरवून पुन्हा सुरू करा. मग क्लॅम्प बेंडवर ओवून सायलेन्सर बेंडवर सरकवा आणि मागच्या पट्टीचा बोल्ट नुसता अडकवा. दोन्ही बाजूंचं इतकं झालं की गाडीच्या मागे चार पावलं जाऊन बघा. दोन्ही सायलेन्सर एका उंचीवर आणि चाकापासून सारख्या अंतरावर आहेत का? किक आणि ब्रेकचं पेडल कशाला घासत नाही ना? मागे कोणी बसल्यावर फूटरेस्टला अडथळा होत नाही ना?

आता आवळा. आधी सिलिंडरजवळचा नट, मग क्लॅम्प, शेवटी मागची पट्टी. उलट क्रमानं केलं तर पट्टीनं धरलेला सायलेन्सर बेंडला वाकड्या ओढीत ठेवतो. नट आवळल्यासारखा वाटतो, पण पॅकिंग एका बाजूलाच दबतं.

मागच्या पट्टीचं भोक एक-दोन मिलिमीटर जुळत नसेल तर पट्टीचं भोक कानशीनं लांबट करा. बोल्ट ठोकून आत घालू नका. बेंड तापल्यावर मिलिमीटर-दीड मिलिमीटर लांबतो, त्यात इंजिनाची थरथर. ओढीत बसवलेला सायलेन्सर पट्टीच्या वेल्डिंगशी तडकणार हे नक्की. पट्टीला रबर असेल तर नवं घाला आणि वायसर विसरू नका.

गाडी मोकळ्या हवेत दहा मिनिटं चालवा, बंद खोलीत नको, या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. गार झाल्यावर सिलिंडरजवळचा नट पुन्हा आवळा. पॅकिंग पहिल्या तापण्यात बसतं, त्यामुळे नट हमखास थोडा फिरतो. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर आणखी एकदा बघा.

11. पॅकिंग कोणतं घालू? जुने मिस्त्री ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळतात.

ती दोरी घालू नका. तिचे बारीक तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि तिथेच राहतात. वर्षांनी त्यातून कॅन्सर होऊ शकतो. जुनी दोरी निघाली तर कोरडी खरवडू नका, पाण्यानं भिजवून काढा, पिशवीत बंद करून टाका.

सिलिंडरजवळ तांब्याची रिंग किंवा ग्रॅफाइटचं पॅकिंग घाला. तांब्याची रिंग वापरण्याआधी गॅसवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा. तांबं त्यानं मऊ होतं आणि नीट दबतं. बेंड आणि सायलेन्सरच्या जोडाला माप बरोबर असेल तर पॅकिंगची गरज नाही. एक्झॉस्टची पेस्ट पातळ लावली तर पुरते.

12. नवे सायलेन्सर लावल्यावर पहिल्या दिवशी खूप धूर आला, वासही विचित्र. काही चुकलं का?

बहुतेक नाही. आतलं गंजरोधक तेल आणि वेल्डिंगचे अंश जळतात. अर्ध्या तासात थांबायला हवं. थांबलं नाही तर पेट्रोलमधलं ऑइल जास्त झालंय का ते बघा. या गाड्यांना लिटरला 40 मिली, म्हणजे 1:25, हे जुनं प्रमाण आहे.

बेंड सिलिंडरजवळ पिवळसर किंवा निळा पडणं हीसुद्धा क्रोमची स्वाभाविक गोष्ट आहे, पहिल्या काही इंचांपर्यंत. निळा रंग सायलेन्सरपर्यंत पोहोचला तर मिश्रण पातळ आहे (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) किंवा इग्निशनचं टायमिंग चुकलंय. प्रश्न 14 पाहा.

13. जोडातून काळं चिकट तेल गळतं आणि चप्पल-पँट खराब होते.

टू-स्ट्रोकमध्ये थोडं न जळलेलं ऑइल बाहेर येणारच, पण ते मागच्या टोकातून यावं, जोडातून नाही. गळती सिलिंडरजवळ असेल तर पॅकिंग आणि नट. मधल्या जोडाला असेल तर सायलेन्सरच्या तोंडातल्या चिरा बघा. क्लॅम्प आवळल्यावर तोंड दबायला त्या चिरा लागतात आणि काही प्रतिकृतींमध्ये त्या कापलेल्याच नसतात. हॅकसॉनं दोन-चार चिरा दिल्या की काम होतं. दोन्ही जोड ठीक असूनही तेल येत असेल तर गाडी सतत छोट्या फेऱ्यांसाठी वापरली जाते का ते आठवा. सायलेन्सर तापलाच नाही तर ऑइल आत साठत जातं. आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर चालवा.

14. नवे सायलेन्सर लावले आणि पिकअप गेला. जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी बारीक तोटी) बदलू का?

लगेच नको. आधी दोन्ही सायलेन्सरची जाळी काढून पाच मिनिटं गाडी चालवून बघा, फक्त तपासण्यासाठी. आवाज प्रचंड येईल. पण वरच्या वेगाला गाडी एकदम मोकळी झाली, तर जाळी जास्त बंदिस्त आहे. भोकांचं माप मूळ जाळीशी जुळवा (प्रश्न 6). फरक पडला नाही तर दोष सायलेन्सरच्या मापात, बेंडच्या जोडात किंवा सायलेन्सरशी संबंध नसलेल्या जागी आहे. सायलेन्सर काढताना कार्ब्युरेटरचा रबर हलला असेल आणि तिथून हवा ओढत असेल, तर लक्षणं अगदी अशीच दिसतात.

मग प्लग बघा. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला थ्रॉटल पूर्ण उघडून गाडी ओढा, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करा आणि थांबल्यावर प्लग काढा. चॉकलेटी-तपकिरी रंग योग्य. काळा आणि ओला असेल तर मिश्रण जाड आहे, म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरट किंवा राखाडी असेल तर पातळ आहे आणि हे ताबडतोब सुधारायला हवं, कारण पातळ मिश्रणावर टू-स्ट्रोकचा पिस्टन धरतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतो. अशा वेळी मेन जेट एक माप मोठा घ्या. काळ्यासाठी एक माप लहान, पण त्यानंतर पुन्हा प्लग बघितल्याशिवाय लांबच्या प्रवासाला निघू नका. शंका असेल तर जाड बाजूला राहा. जास्त पेट्रोल पिणारं इंजिन दुरुस्त करता येतं, धरलेला पिस्टन सिलिंडर घेऊन जातो.

15. जाळी कधी आणि कशी साफ करायची? गॅरेजवाला सायलेन्सर भट्टीत जाळतो, ते ठीक आहे का?

दर तीन-चार हजार किलोमीटरला एकदा काढून बघा. कमी धुराचं चांगलं टू-टी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोकचं ऑइल) वापरत असाल तर एवढ्यात फार काही साठलेलं नसेल.

पूर्ण सायलेन्सर भट्टीत टाकू नका. क्रोम निळा पडतो, निकेल फुगतं आणि पत्रा मऊ होतो. जाळायची असेल तर फक्त जाळी, बाहेर काढून, मोकळ्या जागी. लाल होईपर्यंत तापवून गार झाल्यावर ठोकली की काजळी पापुद्र्यासारखी सुटते.

सायलेन्सरच्या पोटातली काजळी कॉस्टिक सोड्यानं निघते. पाच लिटर पाण्यात अर्धा किलो. सोडा पाण्यात घाला, पाणी सोड्यावर ओतू नका, उकळून अंगावर उडतं. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. एक टोक लाकडी बुचानं बंद करून द्रावण आत भरा, रात्रभर उघड्यावर उभं ठेवा, सकाळी ओतून भरपूर पाण्यानं धुवा. बाहेर क्रोमवर सांडलं तर लगेच धुवा. ॲल्युमिनियमच्या कुठल्याही भागाला हे द्रावण लावू नका. ॲल्युमिनियम विरघळतं आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. धुतल्यावर उन्हात पूर्ण वाळवा आणि आत थोडं टू-टी ऑइल फिरवा, नाहीतर उघडा पडलेला पत्रा दोन दिवसांत गंजतो.

16. जाळी काढूनच टाकली तर? आवाज भारी येतो.

आवाज येतो, गाडी मात्र मधल्या वेगाला मरते. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला जी ओढ लागते तीच जाते, आणि निसटलेल्या ताज्या मिश्रणामुळे ॲव्हरेज पडतं (कारण प्रश्न 2 मध्ये). मिश्रण बिघडून पिस्टन धरण्याचाही धोका आहे. शिवाय गल्लीतल्या लहान मुलांना, म्हाताऱ्यांना, आजारी माणसांना हा आवाज सोसावा लागतो. जावाचा मूळ आवाज सुंदर आहे, तो ऐकायला लोक वळून बघतात. तोच जपा.

17. पोलीस पकडतील का? पीयूसी आणि व्हिंटेज नोंदणीला अडचण येते का?

मूळ पद्धतीचा, जाळी असलेला सायलेन्सर लावला तर अडचण नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 120 प्रत्येक गाडीला सायलेन्सर सक्तीचा करतो. आवाज किंवा धुराची मर्यादा मोडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी अपात्र ठरतं.

पीयूसीसाठी 31 मार्च 2000 पूर्वीच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइड 4.5 टक्के आणि टू-स्ट्रोकला हायड्रोकार्बन 9,000 पीपीएम अशी मर्यादा आहे. साफ जाळी, योग्य ऑइल आणि नीट लावलेला कार्ब्युरेटर असेल तर जुनी येझदी यात बसते. तपासणीला गाडी गरम करून न्या.

व्हिंटेज नोंदणीचे नियम 2021 मध्ये आले. गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये आहे. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. मूळ स्वरूप हा मुद्दा असल्यामुळे सायलेन्सरची प्रतिकृती आकारानं मूळासारखीच असावी.

18. कोकणात राहतो. क्रोम टिकतच नाही. काळा रंग देऊ का?

खारी हवा बाहेरून खाते, पण सायलेन्सर जास्त वेळा आतून गंजतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. सायलेन्सर पूर्ण तापला तर ते वाफ होऊन जातं, नाहीतर आत साचतं. म्हणून पावसाळ्यात दोन मिनिटं सुरू करून बंद करण्याची सवय सोडा. चालवायची तर पूर्ण तापेपर्यंत चालवा, नाहीतर सुरूच करू नका. चार महिने उभी राहणार असेल तर आत थोडं टू-टी ऑइल फिरवून मागची टोकं कापडाच्या बोळ्यानं बंद करा, आणि बोळे बाहेर दिसतील असे ठेवा.

बाहेरून आठवड्यातून एकदा गोड्या पाण्यानं धुऊन पुसा, कारनौबा मेण लावा. क्रोम पूर्ण गेला असेल तर उष्णता सोसणारा काळा रंग द्यायला काहीच हरकत नाही. रोज चालणाऱ्या गाडीला तो व्यवहार्य आहे. पुन्हा क्रोम करून घ्यायचा असेल तर बफिंगला सांभाळा. जास्त बफिंगनं आधीच पातळ झालेला पत्रा भोक पडेपर्यंत घासला जातो.

19. एका सायलेन्सरमधून धूर जास्त, दुसऱ्यातून कमी. दोन्ही नवे आहेत.

थोडा फरक नेहमीचाच आहे. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर जास्त दिसतो. गाडी तापल्यावरही मोठा फरक राहिला तर दोन्ही जाळ्या एकमेकांत बदला. जास्त धुराची बाजू बदलली तर दोष जाळीत. बदलली नाही तर कमी धुराच्या बाजूला एक्झॉस्टच्या तोंडात काजळी आहे किंवा बेंड आतून तुंबलाय. बेंडमधून सायकलची जुनी चेन ओवून पुढे-मागे ओढा, काजळी सुटते.

20. माझी येझदी 350 ट्विन आहे. वरची सगळी उत्तरं लागू होतात का?

बसवण्याचा क्रम, पॅकिंग, सफाई हे सगळं तसंच. पण एक मोठा फरक आहे. इथे सिलिंडर दोन आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचा एकच सायलेन्सर. त्यामुळे एक तुंबला तर धुराला दुसरा रस्ता नाही, तो सिलिंडरच लंगडा पडतो. एका बाजूचा प्लग ओला-काळा आणि दुसऱ्याचा ठीक, असं दिसलं की इग्निशन तपासतानाच जाळीही काढून बघा. प्रश्न 19 मधली जाळ्या बदलण्याची युक्ती इथे आणखी चांगली चालते, कारण दोष बाजू बदलतो की नाही हे प्लगवर स्पष्ट दिसतं. 250 चा सायलेन्सर मात्र 350 ला लावू नका. तिथे एका सिलिंडरचा धूर दोन वाटांनी जातो, इथे एकाच, त्यामुळे आतलं माप जुळत नाही.

21. सिलिंडरचे आटेच गेले आहेत. आता काय?

एक-दोन आटे गेले असतील तर आट्याची कानस मारून आणि नवा नट घेऊन भागतं. सगळेच गेले असतील तर सिलिंडर उतरवून चांगल्या लेथवाल्याकडे द्या. बिडाला निकेलच्या रॉडनं, सिलिंडर आधी हळूहळू तापवून वेल्डिंग होतं, मग नवे आटे कापतात. थंड सिलिंडरवर साध्या रॉडनं केलेली वेल्डिंग शेजारीच तडा देते. काम झाल्यावर बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) गोल राहिला आहे का ते मोजून घ्या. गरमीनं तो वाकला असेल तर पिस्टन घालण्याआधीच कळलेलं बरं. बेंड तारेनं किंवा स्प्रिंगनं ओढून धरण्याचा उपाय रस्त्यात अडकल्यावर घरी पोहोचण्यापुरता ठीक. गळक्या जोडावर गाडी रोज चालवू नका, कारण त्या जोडाजवळ परतणारी लाट मोडते आणि प्लगवरून केलेलं कुठलंही सेटिंग खोटं ठरतं.